आपले की आमचे? सीझरच्या युद्धनोंदी वाचताना

क्रिकेटची मॅच चालू असताना बाहेरून घरात येणारा माणूस आधी विचारतो, 'आपले किती झाले?' 'भारताचे किती' असं कुणी म्हणत नाही, 'आमचे किती' असंही नाही. 'आपले' म्हटलं की विचारणारा, उत्तर देणारा आणि मैदानातले अकराजण एका क्षणात एका बाजूचे होतात. ज्याला क्रिकेटमध्ये काडीचा रस नाही, त्यालाही या शब्दाने ओढून आत घेतलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात या शब्दाने मला बरंच छळलं. कारण होतं ज्युलियस सीझरचं गॉलच्या युद्धावरचं पुस्तक.

या पुस्तकाकडे मी आडवाटेने आलो. 'रोम' नावाची जुनी मालिका बघत होतो. तिच्यातले दोन सैनिक, व्होरीनस आणि पुलो, मला फार आवडले. मग कळलं की ही नावं मालिकेच्या लेखकांनी बनवलेली नाहीत, ती सीझरच्या पुस्तकाच्या पाचव्या भागातून घेतली आहेत. तिथे त्यांचा एकच प्रसंग आहे. दोघेही सेंच्युरियन, म्हणजे साधारण ऐंशीएक सैनिकांच्या तुकडीचे नायक. बढतीवरून दोघांचं हाडवैर. छावणीला वेढा पडलेला असताना पुलो इरेला पेटून तटाबाहेर धावतो, व्होरीनस मागोमाग जातो. शत्रूचा भाला बसून पुलोची म्यान आडवी होते आणि तलवार काही केल्या निघत नाही, तेव्हा व्होरीनस त्याला वाचवतो. मग व्होरीनस खळग्यात कोसळतो आणि पुलो त्याला वाचवतो. दोघेही जिवंत परत येतात. दोघांत सरस कोण, ते शेवटपर्यंत ठरत नाही.

एका पानाचा प्रसंग, पण इतका नेटका, की म्हटलं मराठीत करून बघू. लॅटिन मला शब्दकोशाच्या आधारानेच येतं. फोनवर एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला इंग्रजी भाषांतर, आणि मांडीवर वही. सुरुवातीलाच अडलो. सीझर रोमन सैनिकांना बहुतेक ठिकाणी 'रोमन' म्हणत नाही. तो 'नॉस्ट्री' म्हणतो. इंग्रजीत सरळ 'अवर मेन' होतं. मराठीत मात्र दोन दारं समोर येतात: 'आमचे' आणि 'आपले'. 'आमचे' म्हटलं तर वाचक बाहेर उभा राहतो. 'आपले' म्हटलं तर तो तटावर, सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. लॅटिनला हा फरक करावाच लागत नाही. मराठीला करावा लागतो. म्हणजे निर्णय माझा. आणि तो करायचा तर हे पुस्तक कोण, कुणाला, कशासाठी सांगतंय, हे आधी बघणं भाग होतं.

०००

इ.स.पू. ५९ मध्ये सीझर रोमचा कॉन्सल होता. कॉन्सलपद एका वर्षाचं. त्या वर्षात त्याने विरोधकांना धाब्यावर बसवून कायदे करून घेतले, आणि पद सुटताच त्याच्यावर खटले भरायचे असं विरोधकांनी मनाशी धरलं. पण रोमचा नियम असा, की हाती अधिकारपद असेपर्यंत खटला चालवता येत नाही. सीझरने पुढची पाच वर्षं प्रांतांची सुभेदारी मिळवली आणि नंतर आणखी पाच वाढवून घेतली. त्याच्या प्रांतांच्या पलीकडे होता मोकळा गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि आसपासचा मुलूख. इ.स.पू. ५८ पासून सीझर तिथे लढत राहिला. पद होतं तोवर संरक्षण होतं, युद्ध होतं तोवर पदाला कारण होतं, आणि विजय मिळत होते तोवर रोममध्ये नाव गाजत होतं.

पण विजय मिळवून भागत नाही, ते रोममध्ये कळावेही लागतात. सीझर तिकडे शेकडो मैलांवर, आणि त्याचं भवितव्य ठरवणारी सेनेट इकडे. 'नोंदी' असं साधं नाव असलेलं हे पुस्तक या अंतरावर बांधलेला पूल आहे. भाग सात, दर भागात एक वर्ष. आठवा भाग नंतर त्याच्या हिर्टियस नावाच्या सहकाऱ्याने जोडला.

हे भाग संपतात कसे ते बघा. दुसरा भाग संपतो, तेव्हा सेनेट सीझरच्या विजयाबद्दल पंधरा दिवस देवांचे आभार मानायचं ठरवते, आणि आजवर कुणाच्या वाट्याला इतके दिवस आले नव्हते हेही सांगितलं जातं. चौथा भाग संपतो, आभाराचे वीस दिवस. सातवा संपतो, पुन्हा वीस. युद्धाचं पुस्तक रणांगणावर संपत नाही, राजधानीतल्या ठरावावर संपतं. रोमचं राजकारण आणि रोमचं लष्कर ही दोन वेगळी खाती नव्हती हे आपण इतिहासात वाचतो. इथे ते पुस्तकाच्या रचनेतच दिसतं.

०००

सीझर स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'सीझर' म्हणतो. अ‍ॅस्टेरिक्सच्या कॉमिक्समध्ये या सवयीवर भरपूर विनोद आहेत, आणि आजही एखादा पुढारी स्वतःबद्दल नाव घेऊन बोलायला लागला की आपण हसतो. पण या पुस्तकातली करामत निव्वळ अहंकाराची नाही. पुस्तकात 'आम्ही' आहे. मागे सांगितलं तसं, अशा अर्थाच्या वाक्यांत निवेदक 'आम्ही' होऊन बोलतो. म्हणजे पानावर दोन माणसं आहेत: सांगणारा एक, आणि तो ज्याच्याबद्दल सांगतोय तो सीझर दुसरा. सांगणारा कधीच उत्तेजित होत नाही, कधी बढाई मारत नाही. सीझरचं कौतुक त्याला करावं लागत नाही, तो फक्त घडलेलं सांगतो. वाचता वाचता आपण विसरतो की साक्षीदार आणि आरोपी एकच आहेत.

त्यात भाषा कमालीची साधी. मोजके शब्द, अलंकार जवळजवळ नाहीत. सिसेरोसारख्या वक्त्याने, जो राजकारणात सीझरचा मित्र नव्हता, या नोंदींची तारीफ केली, आणि अलंकार अंगावरच्या वस्त्रांसारखे उतरवून ठेवलेली शैली, अशा अर्थाचं वर्णन केलं. सीझरच्या हाताखाली काम केलेल्या असिनियस पोलियोचं मत वेगळं होतं: या नोंदींत काळजीही कमी आणि सत्यही कमी. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि गंमत नेमकी तिथे आहे. साधं लिहिणारा खरं लिहितो असं आपण धरूनच चालतो. पोस्ट साधी असली की ती मनापासून लिहिलेली वाटते, अवघड शब्द आले की संशय येतो. हा समज किती धोक्याचा आहे हे मला सीझरने शिकवलं.

आधी त्याचं देणं देऊन टाकतो, कारण पुस्तक खरोखर मोठं आहे. इ.स.पू. ५७, साबिस नदीचा काठ. रोमन सैन्य छावणी बांधत असताना नर्वी टोळीचे लोक अचानक जंगलातून तुटून पडतात. ढालींवरचे खोळ काढायला, डोक्यावर शिरस्त्राण चढवायला वेळ नाही. जो जिथे आहे तिथेच, दिसेल त्या निशाणाखाली उभा राहतो. एका बाजूला बहुतेक सेंच्युरियन मेलेले किंवा जखमी. सीझर मागच्या रांगेतल्या एका सैनिकाच्या हातातली ढाल घेतो, पुढे जातो आणि सेंच्युरियनना नावानिशी हाका मारतो. हे वाचताना माझा श्वास अडकला होता. वहीत मी न अडखळता 'आपले' लिहीत होतो. आपले मागे रेटले गेले, आपले सावरले. कुणाचं राज्य, कुणाची जमीन, काही आठवलं नाही.

तोच निवेदक लगेच शत्रूच्या शौर्यालाही दाद देतो. नर्वी आपल्याच माणसांच्या प्रेतांच्या ढिगावर उभे राहून लढत राहिले. मग आकडे: सहाशे पुढाऱ्यांपैकी तीन उरले, साठ हजार लढवय्यांपैकी जेमतेम पाचशे. टोळी संपल्यात जमा. पण तीनच वर्षांनी, पाचव्या भागात, हेच नर्वी मोठ्या सैन्यात सामील होऊन रोमन छावणीला वेढा घालतात. पुलो आणि व्होरीनस ज्या छावणीत आहेत, तीच ही छावणी. माझा आवडता प्रसंग घडतो, कारण आधीचा आकडा खरा नव्हता.

०००

मग मी पानं मोजायला लागलो. कशाला किती जागा दिली आहे, एवढंच.

इ.स.पू. ५५ मध्ये सीझरने ऱ्हाईन नदीवर लाकडी पूल बांधला. खांब कसे तिरपे ठोकले, कशाने जोडले, प्रवाहाचा जोर जितका वाढेल तितकी बांधणी कशी घट्ट होईल, हे सगळं सविस्तर आहे. लाकूड गोळा करायला लागल्यापासून दहा दिवसांत पूल तयार. हे वाचून आजही लोक त्याच्या प्रतिकृती बनवतात. पूल ओलांडल्यावर काय झालं? सुगांब्री लोकांच्या मुलखात काही दिवस मुक्काम, सगळी गावं आणि घरं जाळलेली, उभी पिकं कापलेली. एकूण अठरा दिवसांनी परत, आणि पूल मोडून टाकला. पुलाला अख्खं प्रकरण, गावांना वाक्याचा एक तुकडा.

हा तुकडा मराठीत आणताना एक गोष्ट हाती लागली. लॅटिनमध्ये अशी सोय आहे, की मुख्य वाक्याच्या बाजूला एक लहान तुकडा ठेवून काम उरकता येतं: गावं जाळली गेलेली, पिकं कापली गेलेली. कुणी जाळली, ते त्या तुकड्यात सांगावं लागत नाही. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ येतं ते '-ऊन'. 'गावं जाळून, पिकं कापून सीझर परतला.' पण '-ऊन'चा एक हट्ट आहे: जाळणारा आणि परतणारा एकच लागतो. आई स्वयंपाक करून झोपली, म्हणजे स्वयंपाकही आईनेच केला. सीझरचं वाक्य मराठीत आलं आणि जाळणारे हात परत त्याच्या नावाला जोडले गेले. मी काहीच केलं नव्हतं, फक्त व्याकरण पाळलं होतं.

मग असे तुकडे दिसायलाच लागले. अदुआतुकींचं शहर पडल्यावर सीझर ते माणसांसकट एका घाऊक सौद्यात विकतो. किती माणसं? त्रेपन्न हजार डोकी, आणि हा आकडा त्याला विकत घेणाऱ्यांनी कळवला. सीझरने स्वतः मोजलंच नव्हतं. रोमन फौजेच्या मागोमाग गुलामांचे व्यापारी चालत, हे या एका वाक्यातून कळतं. समुद्रकाठच्या वेनेतींची सेनेट ठार केली जाते, आणि बाकीचे 'माळेखाली' विकले जातात. युद्धकैद्यांना विकायला उभं करताना त्यांच्या डोक्यावर माळ घालायची रीत होती, त्यावरून आलेला हा वाक्प्रचार. माळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सत्कार येतो. तिथे ती विक्रीची खूण होती.

लुटीच्या या पैशातून सीझरने रोममध्ये नवा चौक बांधायला घेतला. नुसत्या जागेला दहा कोटी सेस्टर्शियसहून जास्त खर्च आला, असं सुएटोनियस सांगतो.

'आपले' हा शब्दही पराभवात जरा सैल होतो. गेर्गोव्हियाच्या चढाईत सेंच्युरियन शेहेचाळीस आणि सैनिक जवळजवळ सातशे पडले. दुसऱ्या दिवशी सीझर सैन्य जमवतो आणि सैनिकांची कानउघाडणी करतो: शौर्य मान्य, पण आज्ञा न मानता स्वतःच्या मनाने पुढे का गेलात? विजयात सीझर, पराभवात सैनिकांचा उतावळेपणा.

०००

आणि अलेसिया.

इ.स.पू. ५२. गॉलच्या बऱ्याच टोळ्या वर्सिंजेटोरिक्सच्या नेतृत्वाखाली एक झाल्या आहेत, आणि तो ऐंशी हजार सैन्यानिशी अलेसियाच्या टेकडीवर अडकला आहे. सीझर टेकडीभोवती अकरा रोमन मैलांची वेढ्याची फळी उभारतो. बाहेरून मदत येणार हे कळल्यावर तो तोंड बाहेर असलेली चौदा मैलांची दुसरी फळी बांधतो. मध्ये रोमन सैन्य. पुढे खड्डे, त्यांत टोकदार खुंट. सैनिकांनी त्या खड्ड्यांना गमतीने 'लिली' नाव दिलं होतं, आकार फुलासारखा म्हणून. प्रत्येकाने तीस दिवसांचं धान्य आणि वैरण जमवून ठेवावी, असा सीझरचा हुकूम आहे.

वर गावातलं धान्य संपतं. सभा भरते. तिथे क्रितोग्नातुस नावाचा सरदार बोलतो, आणि पुस्तकातलं हे सर्वांत लांब थेट भाषण शत्रूच्या तोंडी आहे. लढू न शकणाऱ्यांचं मांस खाऊन तग धरावा, असं तो सुचवतो. भाषण देण्याचं कारण सीझर आधीच सांगून ठेवतो: त्यातलं विलक्षण क्रौर्य. म्हणजे आपण क्रौर्य शोधत वाचावं अशी तजवीज. पण त्याच भाषणात क्रितोग्नातुस हेही म्हणतो, की रोमन लोकांना दुसऱ्यांच्या जमिनीवर बसायचं आहे आणि त्यांना कायमचं गुलाम करायचं आहे, दुसऱ्या कशासाठी ते लढत नाहीत. सीझरवरचं सर्वांत नेमकं आरोपपत्र सीझरच्याच पुस्तकात आहे.

नरमांसाचा मार्ग शेवटचा म्हणून राखून ठेवला जातो. त्याऐवजी ठरतं की जे लढू शकत नाहीत त्यांनी गावाबाहेर जावं. अलेसिया मांडुबी टोळीचं गाव. त्यांनीच इतरांना आसरा दिला होता. आता त्यांनाच बायकामुलांसह बाहेर काढलं जातं. ते उतरून रोमन तटापाशी येतात, रडतात, विनवतात: आम्हाला गुलाम करून घ्या, पण खायला द्या. सीझर तटावर पहारे बसवून त्यांना आत घ्यायला मनाई करतो.

इथे प्रकरण संपतं. पुढचं सुरू होतं ते बाहेरून आलेल्या मदतीच्या सैन्याने. मांडुबींचं काय झालं, पुस्तक पुन्हा कधीच सांगत नाही. गाव आणि रोमन छावणी यांच्या मधल्या जमिनीवर ते मेले, असं सुमारे अडीचशे वर्षांनी कॅसियस डिओने लिहिलं.

या वाक्यापाशी माझी पेन्सिल थांबली. पहारा कुणाचा? 'आपल्या' सैनिकांचा. आतापर्यंत ज्यांच्याबरोबर मी उभा होतो, त्यांच्याच तटासमोर ही माणसं रडत होती.

थोड्याच दिवसांत अलेसिया पडतं. शरणागतीला एक कोरडं वाक्य. दोन टोळ्यांचे कैदी राजकारणासाठी बाजूला काढून बाकीच्यांतून सीझर आपल्या प्रत्येक सैनिकाला माणशी एक गुलाम वाटतो. गुलामगिरी मागत आलेल्यांना ती नाकारली, न मागणाऱ्यांवर ती लादली. हिशेब सरळ आहे. वेढा चालू असताना गुलाम म्हणजे खाणारं तोंड, वेढा संपल्यावर तोच गुलाम म्हणजे बक्षीस. मग वीस दिवस देवांचे आभार.

०००

त्या काळाला आजची मापं लावू नयेत, असं कुणी म्हणेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या काळातली मापं तरी एकच कुठे होती? इ.स.पू. ५५ मध्ये बोलणी करायला आलेल्या जर्मन पुढाऱ्यांना सीझरने अडकवून ठेवलं, त्यांच्या बेसावध तळावर हल्ला केला, आणि पळणाऱ्या बायकामुलांमागे घोडदळ सोडलं. हे तो स्वतःच लिहितो. सेनेट आभार मानायला निघाली, तेव्हा कॅटोने म्हटलं की सीझरलाच जर्मनांच्या हवाली करा. कॅटो सीझरचा राजकीय वैरी होता, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वैराचा वास येणारच. पण शंभरेक वर्षांनी थोरल्या प्लिनीला काय पडलं होतं? सीझरच्या लढायांत अकरा लाख ब्याण्णव हजार माणसं मारली गेली असा आकडा देऊन तो म्हणतो, की मानवजातीवरचा इतका मोठा अन्याय मी त्याच्या कीर्तीत धरणार नाही. आकडा फुगलेला असेल. पण 'मानवजात' हे माप रोममध्येच, लॅटिनमध्येच उपलब्ध होतं. 'नॉस्ट्री'पेक्षा मोठा शब्द त्यांच्याकडे होता. सीझरने तो वापरला नाही.

आणि तरीही, मांडुबींबद्दल आपल्याला कळलं ते सीझरमुळेच. तो ते वाक्य गाळू शकला असता. त्याने गाळलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. 'आपले' इतके भक्कम उभे होते, की तटाबाहेरच्यांचं रडणंही निर्धास्त लिहून टाकता आलं.

भाषांतर मी पुलो आणि व्होरीनसपुरतंच करणार होतो, ते अलेसियापर्यंत गेलं. शेवटी वही उघडून त्या एका शब्दाचा निर्णय घ्यायला बसलो. एक सोपा उपाय होता: सगळीकडे 'रोमन' लिहायचं. पण त्याने वाचक सुटतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या लोकांनी काहीतरी केलं, आपला काय संबंध? 'आमचे' लिहिलं तर सीझर एकटा पडतो, आणि वाचक बाजूला उभा राहून त्याला नावं ठेवतो.

मी 'आपले' ठेवलं. साबिसच्या काठावर ठेवलं, पुलो-व्होरीनसच्या प्रसंगात ठेवलं. मूळ वाक्यात 'नॉस्ट्री' हा शब्दच नाही, तरी अलेसियाच्या तटावर मी तो माझ्या पदरचा घातला. भाषांतरकाराने असं करू नये हे मला माहीत आहे. माझ्या वहीत ते वाक्य आता असं आहे: आपले तटावर उभे होते, आणि कुणालाही आत घ्यायचं नाही असा हुकूम होता.